खाल्ल्या मिठाला कोणी जागावे? : हरणाच्या शिकारीतील आमिष व क्षारचाटण यांचा नैतिक विचार

प्रस्तावना

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ संमत झाला त्या वेळी भारतात शिकारीस सर्वस्वी मज्जाव नव्हता. ठरावीक प्राण्यांची शिकार परवाना घेऊन करता येत असे. मात्र परवानाधारक शिकाऱ्याने काय करू नये, याची एक यादी त्या कायद्याच्या मूळ सतराव्या कलमात दिलेली होती. वाहनातून शिकार करू नये, रात्री करू नये, कृत्रिम प्रकाशझोत वापरू नये, जाळी, खड्डे, फासे व विष यांचा उपयोग करू नये, असे ते निर्बंध होते. त्याच ओळीत आणखी एक निर्बंध होता. क्षारचाटण, पाणवठा किंवा तेथे जाणारी वाट या ठिकाणी वन्यप्राण्याची शिकार करू नये. पखुर्डी व पाणपक्षी यांचाच काय तो अपवाद केलेला होता.

हा निर्बंध विचार करण्याजोगा आहे. ज्या हरणास मारण्याचा परवाना शासनाने स्वतः दिला, त्यास माळावर मारले तर चालेल. परंतु ते मीठ चाटण्यासाठी मान खाली घालून उभे असता मारले तर चालणार नाही, असे हा कायदा सांगत होता. मरणाऱ्या हरणाच्या दृष्टीने या दोन मृत्यूंत फारसे अंतर नाही. अंतर असलेच तर ते मारणाऱ्याच्या बाजूस आहे. म्हणजेच शिकारीचा परिणाम तोच राहिला तरी तिची रीत बदलल्याने तिचे नैतिक मूल्य बदलते, हे तत्त्व कायद्याने मान्य केले होते.

१९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच जवळपास संपुष्टात आली आणि तेरा ते सतरा ही कलमे कायद्यातून वगळण्यात आली. त्यामुळे चितळ, सांबर, भेकर, काळवीट वा चिंकारा यांची हौसेखातर शिकार करणे आज गुन्हा आहे. तथापि त्या वगळलेल्या ओळीमागचा प्रश्न वगळला गेलेला नाही. प्राण्याच्या गरजेचा उपयोग करून त्यास आपल्याजवळ आणणे केव्हा योग्य व केव्हा अयोग्य, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा जीवशास्त्र, परंपरा, कायदा व व्यक्तिगत नीती या अंगांनी विचार केला आहे.

आमिष व चाटण : संज्ञाविचार

'आमिष' या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ मांस असा आहे. म्हणूनच शाकाहारास 'निरामिष' आहार म्हणतात. गळाला वा सापळ्याला मांस लावले जात असल्याने या शब्दास प्रलोभनाचा अर्थ प्राप्त झाला. आजच्या मराठीत 'आमिष दाखविणे' हा शब्दप्रयोग नोकरीचे आमिष, पैशाचे आमिष, लग्नाचे आमिष अशा संदर्भांत येतो आणि तो नेहमी दोषदर्शकच असतो. आमिष दाखविणारा देत काहीच नाही, तो केवळ देत असल्याचे दाखवितो. हा अर्थ भाषेने 'दाखविणे' या क्रियापदातच साठवून ठेवला आहे.

हरणाच्या बाबतीत आमिषाचे ढोबळमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार आवडीच्या खाद्याचा. धान्य, फळे, कोवळा पाला ही त्याची उदाहरणे होत. दुसरा प्रकार गरजेच्या पदार्थांचा. मीठ व पाणी हे त्यात येतात. तिसरा प्रकार सजातीयांच्या ओढीचा. माणसाळलेले जनावर, हुबेहूब आवाज किंवा वास यांच्या साहाय्याने प्राण्यास फसविणे या प्रकारात मोडते. नैतिकदृष्ट्या हे तीन प्रकार समान नाहीत. आवडीचे खाद्य प्राणी नाकारू शकतो, कारण रानात इतरत्र चारा असतो. गरजेच्या पदार्थाकडे मात्र त्याला यावेच लागते.

चाटण दोन प्रकारचे असते. काही ठिकाणच्या मातीत नैसर्गिकरीत्या क्षार अधिक असतात. चितळ, सांबर, गवे अशी माती चाटतात, प्रसंगी खातात. वर्षानुवर्षांच्या वावराने तेथे जमीन खोलगट होते व चहूबाजूंनी पायवाटा येऊन मिळतात. दुसरे कृत्रिम चाटण होय. त्यात मिठाचे खडे वा क्षारमिश्रित माती मुद्दाम ठेवली जाते. वन्यप्राण्यांच्या अधिवासाची निगा राखण्याचा एक उपाय म्हणून वनव्यवस्थापनात अशी चाटणे केली जातात. वनकर्मचारी ठेवतो ते मीठ आणि चोरटा शिकारी ठेवतो ते मीठ यांच्या रासायनिक घटनेत भेद नसतो. भेद असतो तो पुढे काय घडते यात.

हरणास मिठाची गरज का असते?

हा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा नाही, कारण नैतिक विचाराचा पाया त्याच्या उत्तरात आहे. गवत व पाला यांत पोटॅशियम मुबलक, तर सोडियम अत्यल्प असते. मांसाहारी प्राण्यास भक्ष्याच्या रक्तमांसातून सोडियम आपोआप मिळते. तृणभक्षी प्राण्यास ते बाहेरून मिळवावे लागते. मज्जातंतूंचे कार्य, स्नायूंचे आकुंचन व शरीरातील द्रवांचे संतुलन सोडियमवर अवलंबून असते. पावसाळ्याच्या आरंभी फुटणाऱ्या कोवळ्या गवतात पाणी व पोटॅशियम अधिक असल्याने शरीरातील सोडियमचा ऱ्हास वाढतो. सह्याद्रीसारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात मातीतील विद्राव्य क्षार धुऊन जातात, त्यामुळे तेथे ही उणीव अधिकच जाणवते.

गाभण व पाजत्या मादीची गरज सर्वांत मोठी असते, कारण तिच्या दुधावाटे पाडसाला क्षार जातात. चितळ, सांबर व भेकर या खऱ्या हरणांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. त्यासाठी कॅल्शियम व फॉस्फरस लागते आणि खाऱ्या मातीतून अशी खनिजेही काही प्रमाणात मिळतात. काळवीट व चिंकारा हे कुरंगवर्गातील प्राणी होत. त्यांची शिंगे गळत नसली तरी सोडियमची गरज त्यांनाही चुकलेली नाही.

तात्पर्य, हरिण मिठाकडे जिभेच्या चोचल्यासाठी येत नाही. धनगर आपल्या मेंढरांना आणि शेतकरी आपल्या बैलांना मीठ चारतो तो याच अनुभवातून. फरक एवढाच की, गोठ्यातील जनावराची गरज भागविण्याची जबाबदारी धन्याने पत्करलेली असते, तर रानातील हरणाची गरज कोणाच्याही पत्करात नसते. तिची माहिती मात्र शिकाऱ्यास असते. जो गरज जाणतो पण जबाबदारी पत्करत नाही, त्याच्या हाती ते ज्ञान शस्त्र ठरते.

परंपरेतील विचार

भारतीय परंपरेत मृगयेचे तंत्र व मृगयेची नीती या दोहोंचाही विचार आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचा व मासेमारीचा स्वतंत्र विचार आहे. कोणत्या जातीच्या माशास कोणते खाद्य घालून गळाकडे आणावे, याचे बारकाईने केलेले वर्णन त्यात येते. प्राण्याची आवड ओळखून त्याला जवळ आणणे ही तेथे कला मानलेली आहे. त्यात अपराधाची जाणीव दिसत नाही. हा दृष्टिकोन कसबाचा आहे.

महाकाव्यांमध्ये मात्र हा विषय वादाच्या रूपाने येतो. वाल्मीकी रामायणात आडून बाण मारल्याबद्दल वाली रामास दोष देतो. त्यावर रामाच्या उत्तरात मृगयेचा दाखला येतो. माणसे जाळी, पाश व नाना युक्त्यांनी, कधी लपून तर कधी उघडपणे मृगांना पकडतात व त्यात दोष मानीत नाहीत, असा त्या युक्तिवादाचा आशय आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लपून मारणे हे समर्थनाची गरज असलेले कृत्य आहे, एवढे या उत्तरातही गृहीत धरले आहे. जे निर्विवाद असते त्याचे समर्थन करावे लागत नाही. त्याच रामायणात पंचवटीतील सुवर्णमृगाच्या प्रसंगी हरिणच आमिष होते व मनुष्य त्यास भुलतो. भुलविले जाणे म्हणजे काय, हे मनुष्यास त्या कथेतून आतून कळते.

याहून मार्मिक प्रसंग महाभारताच्या आदिपर्वात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही तो समाविष्ट आहे. पांडू राजा वनात रतिमग्न असलेल्या मृगयुगुलावर बाण सोडतो. मृगरूप घेतलेला तो किंदम ऋषी असतो. मरता मरता तो राजाशी वाद घालतो. पांडू क्षत्रियधर्माचा आधार घेतो, शत्रूंचा व मृगांचा वध यांची तुलना करतो, छद्म व माया यांचा प्रश्न उपस्थित करतो आणि अगस्त्य ऋषीनेही मृगया केल्याचा दाखला देतो. यावर किंदमाचे उत्तर अनपेक्षित आहे. मृग मारल्याबद्दल आपण राजाला दोष देत नाही, असे तो म्हणतो. त्याचा आक्षेप वेळेस आहे. समागम पूर्ण होईपर्यंत राजाने थांबावयास हवे होते, एवढेच त्याचे मागणे आहे.

शिकारीच्या नीतीची याहून नेमकी मांडणी क्वचितच सापडेल. मारण्याचा अधिकार आहे असे क्षणभर गृहीत धरले, तरी तो अधिकार प्रत्येक क्षणी वापरता येत नाही. जीव आपल्या मूलभूत गरजेत गुंतलेला असतो तेव्हा तो सावध राहू शकत नाही. ती त्याची असावधता त्याच्या चुकीतून नव्हे, तर जगण्यातून आलेली असते. समागम, पान्हा, तहान व मीठ या साऱ्यांस हे सूत्र लागू पडते. १९७२ च्या कायद्यातील चाटण व पाणवठ्याचा निर्बंध आणि किंदमाचा आक्षेप एकाच जाणिवेतून आलेले दिसतात.

ही जाणीव केवळ ग्रंथांतच होती असे नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ व मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील नंदीवाले, वैदू व फासेपारधी या भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींचा अभ्यास केला. फाशात सापडलेली गाभण मादी व पाडस सोडून देण्याची फासेपारध्यांची परंपरा त्यांनी नोंदविली आहे. फासा हेही एक प्रकारचे कपटच होय. परंतु फासा मांडल्यानंतर काय सापडले हे पाहून हात आखडता घेण्याचा नियम त्या समाजाने स्वतःवर घालून घेतला होता. १८७१ च्या कायद्यान्वये अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला व तो कायद्याने पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. ज्यांच्या पोटाचा प्रश्न शिकारीवर अवलंबून होता त्यांनी संयमाचा नियम पाळावा आणि ज्यांना शिकार ही केवळ करमणूक होती त्यांना तो कायद्याने शिकवावा लागावा, हा विरोधाभास दुर्लक्षणीय नाही.

कायद्याची वाटचाल : स्थळाकडून कृतीकडे

मूळ १९७२ च्या कायद्यात चाटणावरील शिकार निषिद्ध होती, म्हणजे निर्बंध स्थळाला होता. २००२ च्या दुरुस्तीने 'शिकार' या संज्ञेची व्याख्या बदलण्यात आली. मारणे, विष घालणे, पकडणे, फासे लावणे, हुसकावणे यांच्याबरोबरच वन्यप्राण्यास आमिष दाखविणे आणि तसा प्रयत्न करणे या कृतींचाही तीत स्पष्ट समावेश झाला. याचा अर्थ असा की, गोळी सुटण्यापूर्वीच, आमिष मांडले त्याच वेळी, कायद्याच्या दृष्टीने शिकार घडलेली असते. स्थळाचा निर्बंध कृतीच्या निर्बंधात परिणत झाला.

तथापि कायद्यास स्वाभाविक मर्यादा आहेत. रानातील चाटणाजवळ साक्षीदार नसतो. अमेरिकन वनविद्यातज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड याने १९४९ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात याच वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले आहे. शिकाऱ्याच्या कृतीस टाळ्या देणारा वा नापसंती दर्शविणारा प्रेक्षकवर्ग नसतो, त्यामुळे त्याच्या वर्तनाचा निर्णय त्याच्या सदसद्विवेकावरच सोपविलेला असतो, असा त्याचा आशय आहे. या अर्थाने आमिषाचा प्रश्न शेवटी व्यक्तिगत नीतीचा प्रश्न ठरतो.

आमिषाच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद

कोणत्याही नैतिक विवेचनात विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडणे आवश्यक असते. आमिषाच्या समर्थनार्थ मुख्यतः तीन युक्तिवाद केले जातात.

पहिला युक्तिवाद वेदनेचा आहे. धावत्या हरणावर झाडलेली गोळी चुकून पोटात वा पायात लागू शकते आणि जखमी प्राणी तासन्‌तास तडफडतो. आमिषापाशी स्थिर उभ्या असलेल्या प्राण्यावर नेम अचूक बसतो व मृत्यू तत्काळ येतो. नर, मादी व वय पारखून घेण्यासही अवधी मिळतो. हा युक्तिवाद खोटा नाही. ज्या ठिकाणी मारणे अपरिहार्य ठरले आहे तेथे तो निर्णायकही ठरू शकतो. शेतीचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांच्या व नीलगायींच्या बाबतीत महाराष्ट्रात परवानगीची तरतूद आहे. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याला संधी देण्याचा खिलाडूपणा दाखविण्यापेक्षा वेदना कमी करणे हेच कर्तव्य ठरते. जुन्नर परिसरात बिबट्या पकडण्याच्या पिंजऱ्यात शेळी ठेवली जाते, तीही अशाच अपरिहार्यतेच्या नावाने. मात्र तेथे आमिषच जिवंत असल्याने त्या तिसऱ्या जिवाच्या भयाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. मुद्दा असा की, वेदनेचा युक्तिवाद अपरिहार्यतेतून बळ मिळवितो. मारणेच ऐच्छिक असेल तर वेदना टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग न मारणे हा असतो आणि त्यामुळे हौशी शिकाऱ्यास हा आधार घेता येत नाही.

दुसरा युक्तिवाद समानतेचा आहे. पाणवठ्याच्या वाटेवर दबा धरणे, वाऱ्याची दिशा पाहून चालणे, मचाणावर बसणे, हाका घालून रान उठविणे या साऱ्यांतच प्राण्याच्या सवयीचा लाभ घेतला जातो, मग एकट्या मिठालाच दोष का द्यावा, असे विचारले जाते. याचे उत्तर असे की, इतर रीतींत शिकारी प्राण्याच्या जगात प्रवेश करून तेथील खुणा वाचतो. आमिष मांडणारा मात्र ते जगच बदलतो. प्राण्याच्या अनुभवात जी जागा उपकारक म्हणून नोंदली जाते ती त्याने घातक केलेली असते. खुणा वाचण्यात कसब आहे. खोटी खूण उभी करण्यात विश्वासघात आहे. अर्थात ही सीमारेषा सर्वत्र सारखी ठळक नसते. नैसर्गिक चाटणावर दबा धरणारा खोटी खूण उभी करीत नाही, तरीही किंदमाचा आक्षेप त्याला लागू होतोच.

तिसरा युक्तिवाद सर्वांत अवघड आहे. जो मनुष्य बोकडास पाला व मीठ चारून वाढवितो आणि पुढे कापतो, तोही विश्वासघातच करीत नाही काय? मांसाहार करणाऱ्या समाजाने शिकाऱ्याच्या मिठाबद्दल नाक मुरडावे हा दांभिकपणा नव्हे काय? या प्रश्नास संपूर्ण समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे. एवढे म्हणता येईल की, पाळणारा जनावराचा दुष्काळ, आजार, थंडी-पाऊस यांत सांभाळ करतो आणि त्या संबंधाचा भार दीर्घकाळ वाहतो. आमिष मांडणाऱ्याचा संबंध एका क्षणापुरता असतो आणि तो क्षण घेण्याचाच असतो. ही तफावत खरी आहे, पण तीमुळे पाळणाऱ्यास आपोआप निर्दोषत्व मिळत नाही. हा युक्तिवाद आमिषास निर्दोष ठरवीत नाही. तो पाळीव जनावरांच्या प्रश्नाकडे बोट दाखवितो आणि ते योग्यच आहे.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने 'फेअर चेस' म्हणजे न्याय्य पाठलागाची संकल्पना रुजविली. प्राण्यास निसटण्याची खरीखुरी संधी असावी, हा तिचा गाभा होय. स्थलांतरित पाणपक्ष्यांना दाणे टाकून मारण्यास तेथे १९३५ मध्ये बंदी घालण्यात आली. हरणांच्या बाबतीत मात्र प्रत्येक राज्याचा नियम वेगळा राहिला. एका राज्यात आमिष वैध व शेजारच्या राज्यात अवैध, अशी स्थिती आजही आढळते.

गेल्या तीन दशकांत या वादास आरोग्याचे परिमाण लाभले. मिशिगन राज्यात १९९० च्या दशकात रानटी हरणांत गोवंशीय क्षयरोग पसरल्याचे आढळले व त्याचा संबंध खाद्याच्या ढिगांभोवती जमणाऱ्या कळपांशी जोडला गेला. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हरणांच्या मेंदूचा ऱ्हास करणारा 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' आढळल्यानंतर आमिष व खाद्य घालण्यावर निर्बंध आणले गेले. या रोगाचे कारक प्रथिन लाळेतून बाहेर पडते व मातीत दीर्घकाळ टिकते. एकच खडा अनेक जिभांनी चाटला जातो ही चाटणाची सोयच तेथे संसर्गाची वाट ठरते. यावरून लक्षात येते की, आमिष मांडणाऱ्याचे उत्तरदायित्व त्याने मारलेल्या एका प्राण्यापुरते मर्यादित राहत नाही. जे प्राणी आले, खाऊन गेले व मारले गेले नाहीत, त्यांचाही भार त्याच्यावर येतो.

आजचा संदर्भ

महाराष्ट्रात आमिषाची शिकार इतिहासजमा झालेली नाही. पाण्याच्या वाटांवर फासे लावले जातात. पिठाच्या वा चरबीच्या गोळ्यात स्फोटक दडवून रानडुकरांसाठी 'गावठी बॉम्ब' ठेवले जातात. त्याला कोणता प्राणी तोंड लावील हे ठेवणाऱ्याच्या हाती नसते. केरळमध्ये मे २०२० मध्ये स्फोटक दडविलेले फळ खाल्ल्याने गाभण हत्तिणीचा मृत्यू झाला तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली, पण त्यामागची रीत नवी नव्हती. उन्हाळ्यात पाणवठ्यात विष कालविले जाण्याची भीती असल्याने वनकर्मचाऱ्यांना पाणवठ्यांवर पहारा व तपासणी ठेवावी लागते.

दुसरीकडे, बंदूक न घेताही आमिष वापरले जाते. पुणे जिल्ह्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. तेथील चिंकाऱ्यांसाठी उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठे भरले जातात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातील अनेक अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद घेतली जाते. महाविद्यालयांचे निसर्गमंडळ व हौशी निरीक्षक त्यात उत्साहाने भाग घेतात. या दृश्याकडे तटस्थपणे पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. उंचावर लपून, श्वास रोखून, तहानलेल्या प्राण्याची वाट पाहणारा मनुष्य ही आकृती शिकाऱ्याच्या आकृतीहून वेगळी नाही. वेगळी आहे ती शेवटची घटना. प्राणी येतो, पाणी पितो आणि परत जातो.

पुण्यात वास्तव्य केलेले साहित्यिक व्यंकटेश माडगूळकर यांचा शिकारीच्या आवडीकडून 'नागझिरा'सारख्या निरीक्षणपर लेखनाकडे झालेला प्रवास या संदर्भात अर्थपूर्ण ठरतो. लपण तेच राहिले, हातातील वस्तू बदलली. परंतु वस्तू बदलली म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला असे नाही. छायाचित्रासाठी अळ्या वा दाणे टाकून पक्ष्यास ठरावीक फांदीवर आणणे, ध्वनिमुद्रित साद वाजवून विणीच्या काळात नर पक्ष्यास अस्वस्थ करणे, बोटीभोवती कुरव पक्षी घिरट्या घालावेत म्हणून शेव-फरसाण उधळणे, घाटात माकडांना बिस्किटे चारणे या कृतींत कोणी मारले जात नाही. पण प्राण्याची सवय, आहार व सावधता यांवर परिणाम होतोच. घाटात मोटारीकडे धावणारे माकड पुढे चाकाखाली येते तेव्हा बिस्किट टाकणारा तेथे नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून आमिषाची नैतिकता पारखण्यासाठी तीन प्रश्न पुढे येतात.

१. जे मांडले आहे ते प्राण्याची आवड आहे की गरज? गरज जितकी मूलभूत, तितकी मांडणाऱ्याची जबाबदारी अधिक. या कसोटीवर मीठ व पाणी यांचा सापळा सर्वांत गंभीर ठरतो.

२. प्राणी ज्यासाठी आला ते घेऊन सुखरूप परत जातो काय? मचाणावरील प्राणिगणना व चाटणावरील शिकार यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

३. तो परत गेल्यानंतर त्याचे व त्याच्या कळपाचे काय होते? रोग, सवय व बोथट झालेली सावधता यांचा हिशेब मांडणाऱ्याच्याच नावे लिहावयास हवा.

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी देण्याघेण्याचा एक जुना नियम आहे. 'खाल्ल्या मिठाला जागणे' ही मराठी समाजातील निष्ठेची सर्वमान्य कसोटी होय. ज्याने मीठ खाल्ले त्याने ते विसरू नये, असा तिचा रूढ अर्थ. यात मीठ देणाऱ्याचे कर्तव्य सांगितलेले नाही, कारण जो मीठ देतो तो घात करणार नाही हे त्या समाजाने गृहीतच धरले होते. हरणापुढे मिठाचा खडा ठेवून आडोशाला बसणारा माणूस नेमके हे गृहीतक मोडतो. खाणाऱ्यास येथे निष्ठेचा प्रश्नच नाही, ते मुके जनावर आहे. मिठाला जागण्याची जबाबदारी संपूर्णतः देणाऱ्यावर येते.

परवान्याच्या काळात कायद्याने ही जबाबदारी एका उपकलमात नोंदविली होती. ते उपकलम आज अस्तित्वात नाही, कारण त्याची गरज उरली नाही असे मानले गेले. अभयारण्यात मचाणावर बसणाऱ्या, पाणवठा भरणाऱ्या, कॅमेरा रोखणाऱ्या आणि विद्यार्थ्यांना रानात घेऊन जाणाऱ्या प्रत्येकास मात्र ती गरज अद्याप आहे. विद्यार्थ्यांना प्राण्यांची नावे व ठसे ओळखावयास शिकविताना, त्या प्राण्यांना जवळ बोलाविण्याचा अधिकार आपणास कोणत्या अटीवर मिळतो, हेही शिकविले जाणे अगत्याचे आहे. ती अट अशी की, जो आपल्या मिठाकडे आला तो मीठ घेऊन परत गेला पाहिजे.